हरलेल्यांची कार्डं

“चेंडू पडायच्या आधी बोट वर करत नाही मी,” मगदूम अण्णा म्हणाले, आणि मी नुकताच त्यांच्या कॉलरला लावलेला माइक काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला.

“अण्णा, तसं नाही,” मी तिसऱ्यांदा समजावलं. “तिघांच्याही घरी असंच शूटिंग चाललंय. सन्मती जिंकला असं धरायचं आणि त्याच्याशी चार शब्द बोलायचे. ज्याला बक्षीस मिळेल त्याच्या घरचं समारंभात दाखवणार.”

“आणि बाकीच्या दोघांचं?”

“ते पुसून टाकतात.”

“म्हंजे झालं न्हाई ते झालं म्हणून सांगायचं. तेबी पुसण्यासाठी.” त्यांचा आवाज घोगरा होता आणि दर वाक्यानंतर ते गळ्यावर हात ठेवून थांबत होते. “बाई, अडतीस वर्षं अंपायरिंग केलंय मी. हे मला जमायचं न्हाई. निकाल लागला असला तर सांगा. जिंकला असंल तर बोलतो. न्हाईतर चहा घ्या आणि तुमची गाडी गाठा.”

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला तेव्हा ‘सुवर्णयष्टी’ मिळायची. आपल्याकडची वर्तमानपत्रं आठवडाभर आधीपासून तिच्यावर रकानेच्या रकाने लिहायची. त्या वर्षी शेवटच्या तिघांत एक इंग्लंडचा होता, एक दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा आणि एक आमचा सन्मती मगदूम, मिरजेचा. समारंभाचं चित्रीकरण मी ज्या कंपनीत होते तिच्याकडे होतं. सहा वर्षं दारोदार फिरून, कुणाकुणाच्या लग्नांची शूटिंगं करून मला ती कायमची नोकरी लागली होती, तिलाही जेमतेम चार महिने झाले होते. मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून कॅमेरा खांद्याला लावून मिरजेला माझीच रवानगी झाली.

गुप्ततेचं आमच्याकडे फार स्तोम होतं. निकाल लंडनच्या ऑफिसात दोघातिघांनाच ठाऊक असायचा. तीन घरांत तीन आनंद आधीच चित्रित करून ठेवायचे, म्हणजे कोण जिंकणार याचा सुगावा कॅमेरावाल्यालाही लागत नाही. कॅमेऱ्यात एकच कार्ड, त्यावर कंपनीचा नंबर. जे काही चित्रित होईल ते जसंच्या तसं मुंबईला द्यायचं, प्रत काढायची नाही. आदल्या वर्षी आमच्या एका संकलकाने निकाल बायकोच्या कानात सांगितला होता. तो अजून कोर्टाच्या फेऱ्या मारत होता. निघण्यापूर्वी माझ्याकडून सात पानांवर सह्या घेतल्या होत्या आणि खरं सांगायचं तर मी त्यातलं पहिलंच पान वाचलं होतं.

अण्णांबद्दल ऑफिसने मला एवढंच सांगितलं होतं: साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, रविवारी जिल्ह्यातल्या सामन्यांत अंपायर, आणि एकदा भर सामन्यात पोटच्या मुलाला पायचीत दिलेलं. सन्मतीची मुलाखत घेणारा प्रत्येक जण हा किस्सा विचारायचा, आणि तो दर वेळी हसून विषय बदलायचा. आमच्या साहेबांना तोच किस्सा बापाच्या तोंडून हवा होता. ‘तेवढं घे, बाकी काही नाही घेतलंस तरी चालेल,’ म्हणाले होते.

तोवर मी घेतलं काय होतं? चाळीस सेकंद. अण्णा हात जोडून कॅमेऱ्याकडे बघतायत. बस्स.

“आत या जरा,” त्यांची मुलगी त्रिशला दारातून म्हणाली. ती पस्तिशीची असेल. बापाचं सगळं तीच बघायची, आई कधीच गेली होती. स्वयंपाकघरात गेल्यावर तिने आधी आधणाखालचा गॅस मोठा केला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

“ताई, सोमवारी ऑपरेशन आहे अण्णांचं,” ती म्हणाली. “गळ्याचा कॅन्सर. स्वरयंत्र काढणारायत.”

त्या दिवशी शनिवार होता.

“सन्मतीला माहीत आहे?”

“न्हाई. दौरा संपेपर्यंत सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातलीया मला. तिकडं वेस्ट इंडीजला काळजी करत बसंल म्हणतात. हिकडं तर दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्या मॅचपासनं. सतरा वर्षांचा होता, तेव्हा गेला तो डोंबिवलीला आत्याकडं. सणाला येतो, पाया पडतो, जेवतो, जातो. बारा वर्षं झाली.” तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच चहा गाळायला घेतला. “फोनवर बोला म्हटलं तर न्हाई. आज तुम्ही आलाय तर निदान ह्यो कॅमेरा आहे. सोमवारनंतर अण्णांचा आवाज कुणालाच ऐकू येणार न्हाई हो.”

“पण ते तयारच नाहीत.”

“मग सांगा की जिंकला म्हणून.”

“मला माहीत नाही कोण जिंकलं.”

“म्हाईत नसलं तरी सांगा. खोटं सांगा. पाप माझ्या माथी.”

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. बटणांचा साधा फोन होता, त्यावर लंडनच्या ऑफिसचा निरोप. आमच्यासारख्या सगळ्यांना एकदम पाठवलेला: ‘आफ्रिकान्सचं भाषांतर उद्या सकाळपर्यंत हवं. मराठीचं नको.’

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचत होते तोवर दुसरा आला: ‘आधीचा निरोप चुकून गेला. दुर्लक्ष करावे.’

पहिल्या निरोपाने शंका आली होती, दुसऱ्याने खात्री पटली. जो जिंकतो त्याच्याच आईबापांच्या बोलण्याखाली इंग्रजी ओळी लागतात. घरी आफ्रिकान्स बोलणारा, दक्षिण आफ्रिकेचा तो डावखुरा जिंकला होता. भाषांतरवाल्या कुणा शहाण्याने कामाच्या घाईत सगळ्या गुप्ततेवर पाणी ओतलं होतं, आणि आता ते ओझं माझ्या डोक्यावर.

“काय झालं?” त्रिशलाने विचारलं.

“काही नाही. ऑफिसचा.”

आयुष्यात इतकं अडकल्यासारखं मला आधी कधी वाटलं नव्हतं. ‘जिंकला’ म्हणावं, तर सोमवारी ज्याचा आवाज जाणार त्या माणसाला त्याच्याच घरात बसून फसवायचं, आणि त्याने जे बोलायचं ते चार दिवसांनी, समारंभ झाला की, पुसलं जायचं. ‘हरला’ म्हणावं, तर माझी नोकरी जायची, कोर्ट मागे लागायचं आणि शिवाय ते बोलणार नाहीत ते नाहीतच. ‘माहीत नाही’ म्हणावं, तर कॅमेरा आवरून स्टेशन गाठायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, मला तर मधे उभं राहायलाही जागा नव्हती.

मी बाहेर आले. अण्णा तसेच ताठ बसले होते. माझ्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षं ज्याने बावीस यार्डांवरून लोकांचे चेहरे वाचले त्याच्यापुढे मी कसला अभिनय करणार होते?

“फोन आला न्हवं तुमचा,” ते म्हणाले. “निकाल आला.”

“अण्णा, मला सांगायची परवानगी नाही.”

“परवानगी न्हाई म्हंजे म्हाईत आहे. बोला.”

त्रिशला दारात उभी होती. बापाच्या पाठीमागून मला हात जोडत होती.

मी तोंड उघडलं ते ‘जिंकला’ म्हणायलाच. अजूनही मला वाटतं, मी ते म्हणणारच होते. पण ते माझ्याकडे असे बघत होते की ओठांवर आलं ते निराळंच.

“नाही जिंकला, अण्णा.”

त्रिशलाने कपाळावर हात मारून घेतला. सात पानांवरच्या सगळ्या सह्या माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या.

“कुणाला सांगू नका,” मी म्हणाले. “माझी नोकरी जाईल.”

“माझ्या तोंडातनं जाणार न्हाई. त्रिशला, तुझ्याबी.” भिंतीवर सन्मतीचा शतक मारल्यानंतरचा फोटो होता, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. खाली बघत बसले होते. मी कॅमेऱ्याच्या पायांचे स्क्रू सैल करायला घेतले.

“लावा,” ते म्हणाले. टीपॉयवरचा माइक त्यांनी स्वतःच उचलून माझ्यापुढे धरला होता.

“आता कशाला अण्णा?”

“जिंकला असता तर जगानं पाठ थोपटली असती. मी एक बोललो न बोललो, त्याचं काय अडलं असतं? हरलेल्याला घरचं माणूस लागतंय. लावा.” मग मुलीकडे न बघता म्हणाले, “त्रिशला, तू भाईर जा. दार वढून घे.”

ते नऊ मिनिटं बोलले. मधे मधे थांबून, पाण्याचे घोट घेत, पण नऊ मिनिटं.

पहिलंच वाक्य होतं, “आत्ताच कळलं, तुला बक्षीस मिळालं न्हाई.” तेव्हा मला त्या वाक्याचं काही वाटलं नाही. मी पुढचं ऐकण्यात गुंतले होते.

मग ते त्या सामन्याविषयी बोलले. तासगावचं मैदान, जिल्ह्याची अंतिम लढत. नेमलेला अंपायर आला नाही आणि दोन्ही संघ म्हणाले, मगदूम अण्णा असताना दुसरा कशाला शोधायचा? मुलगा खेळतोय तर मी उभा राहत नाही, असं म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत. मान मिळत होता, घेतला. सन्मती शहाण्णववर होता आणि राज्याच्या संघाचे निवडकर्ते मांडवात बसले होते. चेंडू पॅडवर आदळला, अपील झालं, अण्णांनी बोट वर केलं. सन्मतीने बॅट उंच करून दाखवली, आधी बॅटला लागलाय म्हणून. तिथेच उभा राहिला, जाईना. तेव्हा त्यांनी त्याच्याविरुद्ध अहवालही लिहिला. दोन सामन्यांची बंदी आली आणि त्या वर्षीची निवड हुकली.

“आवाज आला होता,” अण्णा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. हे वाक्य मला नीट आठवतं. “बोट वर जाता जाता ध्यानात आलं, बॅटचा आहे. खाली घेता आलं असतं. नियमात बसतंय ते. पण लोक म्हणतील, बापानं पोराला वाचवलं. त्या भ्यानं बोट तसंच ठेवलं. आन बारा वर्षं तसंच ठेवलंय.”

त्यापुढे ते आणखी बरंच बोलले. त्याच्या आईबद्दल बोलले. डोंबिवलीच्या गाडीत त्याला बसवायला आपण गेलो नाही, स्टेशनच्या बाहेर सायकल धरून उभे होतो, हे सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं. आणि शेवटी माफी मागितली. सरळ, जशी धाकट्याने थोरल्याकडे मागावी तशी. माझे डोळे इतके भरून आले होते की चित्र नीट दिसतंय की नाही हेही मला कळत नव्हतं.

कॅमेरा बंद केला आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आत्ताच कळलं, तुला बक्षीस मिळालं नाही. समारंभ चार दिवसांवर आणि अण्णा स्वतःच्या तोंडाने, कार्डावर, माझ्या नावानिशी पोचणाऱ्या कार्डावर, निकाल सांगून बसले होते. एकसंध चित्रफीत, नऊ मिनिटांची. त्यातलं एक वाक्य त्या कॅमेऱ्यात कापता येत नव्हतं. ठेवायचं तर सगळं, घालवायचं तर सगळं.

“अण्णा,” मी चाचरत म्हणाले, “पहिलं वाक्य सोडून पुन्हा एकदा बोलता का?”

त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. रुमालावर रक्त दिसलं. त्रिशला धावत आत आली, त्यांना पाठीमागून धरून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “पुरे आता ताई. डॉक्टरांनी बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय.”

मी सामान आवरलं. पाया पडायला वाकले तेव्हा अण्णांनी माझं मनगट धरलं. बोलवत नव्हतं, तरी बोलले.

“पोचंल न्हवं त्याला?”

“पोचेल,” मी म्हणाले.

स्टेशनकडे जाताना एका सायबर कॅफेसमोर मी रिक्षा थांबवली. तिथे कार्डाची प्रत निघाली असती. आत चार जण बसले होते, मालक दारात तंबाखू मळत उभा होता. त्याने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काय, मगदूमांच्यात आलावता काय शूटिंगला? मिळालं म्हणायचं का पोराला?” मिरजेत तोवर सगळ्यांना खबर लागली होती. इथे फीत उघडली तर संध्याकाळपर्यंत सांगलीत पोचेल, असं मला वाटलं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “चला.”

मिरज जंक्शनच्या प्रतीक्षालयात दीड तास बसले. कार्ड देता येत नव्हतं, ठेवता येत नव्हतं. हरवलं म्हणावं तर चौकशी. ऑफिसात खरं सांगावं तर तो संकलक आठवायचा. सन्मतीला फोन करावा तर त्याचा नंबर साहेबांकडे मागावा लागणार. मी मनाला समजावलं की अण्णा ऑपरेशननंतर लिहून सांगतीलच. लिहिता येतं त्यांना. हाताला थोडंच काही झालंय?

गाडीची घोषणा झाली तेव्हा मी कॅमेरा उघडला आणि नऊ मिनिटांची ती फीत निवडली. पडद्यावर प्रश्न आला, पुसायचं? मी ‘हो’ दाबलं.

मुंबईत मी चाळीस सेकंदांचं कार्ड जमा केलं. साहेब म्हणाले, “एवढंच?” मी म्हटलं, “आजारी आहेत ते, बोलता येत नाही.” “जाऊ दे,” ते म्हणाले. बुधवारी सुवर्णयष्टी आफ्रिकेच्या डावखुऱ्याला मिळाली. त्याची आई रडत रडत काहीतरी बोलली आणि खाली स्वच्छ इंग्रजी ओळी आल्या.

तीन महिन्यांनी कार्डांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मला कळलं की हरलेल्यांची कार्डं कुणी उघडून बघतच नसे. नंबर टिपून घेत आणि तशीच कोरी करून पुन्हा कॅमेऱ्यात घालत. अण्णांचं ते वाक्य कुणाच्या कानावर गेलं नसतं. मागितली असती तर ती फीत मला कुणी देऊनही टाकली असती. त्या दिवशी मी जेवले नाही.

दोन वर्षांनी अण्णा गेल्याचं पेपरात वाचलं. मी कळवलं नाही, गेले नाही. काय सांगणार होते?

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या स्टुडिओत एका सामन्याचं थेट प्रक्षेपण होतं. सन्मती मगदूम आता समालोचन करतो. कानशिलावरचे केस पिकलेत. मी त्या कार्यक्रमाची निर्माती होते आणि महिनाभर आधीपासून त्याला टाळायचं ठरवून बसले होते. मेकअपच्या खोलीत त्यानेच मला गाठलं.

“मिरजेला तुम्हीच आला होतात ना, आमच्या घरी?”

“हो.”

“बसा ना.” मेकअपवाल्याला त्याने पाच मिनिटं बाहेर पाठवलं. “ऑपरेशननंतर मी घरी गेलो तेव्हा अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘पोचलं का?’ ताईने राखीच्या पाकिटात त्यांच्या हातची एक ओळ घालून पाठवली होती, ‘प्रकृतीला जप’ म्हणून. मला वाटलं, तेच विचारतायत. मी म्हटलं, पोचलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि किती वेळ काढेनातच. मग पाटी पुसली. त्यानंतर तो विषय कधीच निघाला नाही.” तो आरशात बघत बोलत होता. “मागच्या वर्षी ताईच्या तोंडून सहज निघालं, की त्या दिवशी अण्णांनी तिला बाहेर घालवून दार लावून घेतलं होतं. ते माझ्यासाठी काहीतरी बोलले. काय बोलले?”

मी सगळं सांगितलं. निरोप, फीत, स्टेशन, ते बटण. काही लपवलं नाही. तासगावचा बॅटचा आवाज सांगितला. सायकलचं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ऐकत राहिला. माफीचं ऐकल्यावर त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबून धरले. मेकअप सगळा विस्कटला.

“त्यांचे शब्द काय होते?” त्याने हातांआडूनच विचारलं. “जसेच्या तसे.”

आणि मला ते येईनात. दोन-चार वाक्यं आली, बाकी नुसता मथितार्थ. नऊ मिनिटांतली मिनिटभराची वाक्यंही माझ्याकडे उरली नव्हती. मी तसं सांगितलं.

“बरं, एकच सांगा,” तो म्हणाला. “त्या मॅचनंतर अण्णांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘अहो’, ‘ऐकलं का’, ‘तो आलाय’, असंच. बारा वर्षं. आणि मग आवाजच गेला. त्या नऊ मिनिटांत त्यांनी माझं नाव घेतलं का?”

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, प्रक्षेपणाला चार मिनिटं उरली होती. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. अण्णांचा चेहरा आला, गळ्यावरचा हात आला, पाण्याचा तांब्या आला. नाव काही आलं नाही. घेतलं असेलही. नसेलही. तो माझ्याकडे बघत होता, बापासारखाच, डोळ्याला डोळा भिडवून.

“हो,” मी म्हणाले. “दोनदा घेतलं.”